खुब्याचा नवा सांधा आणि घरातले पहिले आठवडे

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली की हल्ली रुग्ण तीन-चार दिवसांत घरी येतो. घरची माणसे गाडी घेऊन जातात, शेजारीपाजारी दारात जमतात, कोणी भाकरतुकडा ओवाळून टाकते, आणि 'सुटलो एकदाचे' असा निःश्वास सर्वांच्या तोंडून निघतो. वास्तविक सुटका अद्याप झालेली नसते. शल्यवैद्याचे काम दीड-दोन तासांचे, ते संपलेले असते. त्यापुढचे सहा ते बारा आठवड्यांचे काम रुग्णाने व त्याच्या घराने करावयाचे असते, आणि त्या कामाची शिकवण मात्र इस्पितळातून निघताना हाती पडणाऱ्या एका कागदावर, बहुधा इंग्रजीत, दहा-बारा ओळींत उरकलेली असते. तो कागद औषधांच्या पिशवीत जातो आणि तेथेच राहतो.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते. ते कंबरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसते व सर्व दिशांना फिरते. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. वयोमानाने ते झिजते. किंवा गोलकाचा रक्तपुरवठा तुटून हाडच मरते. आपल्या देशात तरुण माणसांवर ही शस्त्रक्रिया करावी लागते ती बहुधा या दुसऱ्या कारणाने, आणि त्यामागे दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, मद्यपान वा सिकलसेलसारखा रक्तदोष आढळतो. म्हाताऱ्या माणसांत स्नानगृहात पाय घसरून मांडीच्या हाडाची मान मोडणे हे आणखी एक कारण. शस्त्रक्रियेत झिजलेला गोलक कापून काढतात, हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवितात, दांड्यावर धातूचा वा चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचा नवा गोलक आणि कंबरेच्या हाडात नवी वाटी.

ही कल्पना जुनी आहे. 1891 च्या सुमारास बर्लिनमध्ये ग्लूक नावाच्या शल्यवैद्याने हस्तिदंताचा गोलक बसवून पाहिला होता. परंतु आजच्या शस्त्रक्रियेचे जनकत्व जाते ते इंग्लंडातील जॉन चार्नली यांच्याकडे. त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती थोड्याच वर्षांत झिजली आणि रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली. झिजलेल्या टेफ्लॉनच्या भुकटीचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी ती भुकटी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली होती. पुढे 1962 मध्ये त्यांनी घट्ट पॉलिएथिलीनची वाटी वापरली, आणि ती टिकली. आज हजारो घरांत माणसे काठी टाकून चालतात त्याचे मूळ तेथे आहे.

आता घराकडे वळू. नवा सांधा धातूचा आहे म्हणजे तो पहिल्या दिवसापासून भक्कम आहे, अशी एक समजूत असते. धातू भक्कम आहे हे खरे. पण गोलकाला वाटीत धरून ठेवतात ते सांध्याभोवतीचे आवरण व स्नायू. शल्यवैद्याला आत शिरण्यासाठी ते कापावे लागतात, निदान बाजूला तरी सारावे लागतात. ते भरून येईपर्यंत वेड्यावाकड्या हालचालीने गोलक वाटीतून निखळू शकतो. शिवाय दांडा सिमेंटाने बसविला असेल तर तो शस्त्रक्रियेच्या मेजावरच पक्का होतो. पण सिमेंटाविना बसविला असेल तर त्याच्या खरबरीत पृष्ठभागात हाड वाढून तो धरला जाण्यास कित्येक आठवडे लागतात. सहा आठवडे वा तीन महिने ही जी मुदत डॉक्टर सांगतात, ती यामुळे.

मागील बाजूने छेद घेतलेला असेल तर तीन गोष्टी वर्ज्य. खुबा काटकोनाहून अधिक वाकवावयाचा नाही. एका पायावर दुसरा पाय टाकावयाचा नाही. आणि त्या पायाचे पाऊल आत वळवावयाचे नाही. पुढील बाजूने छेद असेल तर नियम निराळे व थोडे सैल असतात, आणि काही शल्यवैद्य अलीकडे मागच्या छेदानंतरही पूर्वीइतकी बंधने घालीत नाहीत. तेव्हा छेद कोणत्या बाजूने घेतला व आपल्याला कोणती बंधने लागू आहेत, हा प्रश्न इस्पितळ सोडण्यापूर्वी विचारून त्याचे उत्तर मराठीत लिहून घ्यावे. शेजारच्या काकूंना जे चालले ते आपल्याला चालेलच असे नव्हे.

हे तीन नियम कागदावर सोपे दिसतात. पण आपले घर जमिनीलगतचे घर आहे. जेवणाचा पाट, देवापुढचे आसन, नमाजाची चटई, चर्चमधील गुडघे टेकण्याची फळी, भाजी निवडण्याची सतरंजी, दुपारी अंग टाकण्याची खालची गादी, आणि मुख्य म्हणजे उकिडवे बसण्याचा शौचकूप: या प्रत्येक ठिकाणी पहिला नियम मोडतो. रुग्णाला नियम पाठ असतो. पण साठ वर्षांची सवय त्याच्याही आधी खाली बसते. म्हणून रुग्णाला बजावीत राहण्यापेक्षा घरच बदलावे, आणि ते शस्त्रक्रियेच्या आधी बदलावे. खाट व खुर्ची अशी उंच असावी की बसल्यावर गुडघा खुब्याच्या खाली राहील. खुर्चीला हात हवेत, म्हणजे त्यांवर जोर देऊन उठता येते. मऊ, खोल सोफा पाहुण्यांसाठी राखून ठेवावा. रुग्णासाठी तो सापळा आहे. बसताना व उठताना दुखरा पाय पुढे सारावा आणि कंबरेतून पुढे झुकू नये.

शौचाचा प्रश्न लाजेमुळे बोलला जात नाही, आणि अपघात तेथेच होतात. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या जुन्या वाड्यांत शौचकूप परसात, दोन पायऱ्या उतरून असतो. गोव्यातील कित्येक जुन्या घरांतही तो मुख्य घरापासून वेगळा. अशा घरी खोलीतच भांडे लावलेली कमोडची खुर्ची ठेवावी. ती औषधांच्या दुकानातून विकत वा भाड्याने मिळते. कमोड असेल तर त्यावर बसविण्याची उंच बैठक मिळते. प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून ती शौचकूपावर ठेवण्याची युक्ती काही घरांतून केली जाते; ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात, म्हणून ती युक्ती नको. भिंतीत पक्का बसविलेला लोखंडी दांडा हवा. टॉवेल वाळत घालण्याच्या दांडीवर माणसाचा भार टाकावयाचा नसतो, पण घसरणारा हात तिकडेच जातो. स्नानाला पाटाऐवजी उंच स्टूल घ्यावे, आणि पाय धुण्याचे काम दुसऱ्याने करावे. ज्या आईने जन्मभर सर्वांचे पाय धुतले, तिला सुनेकडून वा मुलाकडून पाय धुवून घेणे जड जाते. ती म्हणते, 'राहू दे रे, माझी मी करीन,' आणि वाकते. तिच्या लाजेला समजून घेऊन, पण न ऐकता, तांब्या हाती घ्यावा.

पातळ नेसताना निऱ्या सावरण्यासाठी वाकावे लागते, म्हणून काही आठवडे सैल झगा बरा. कपडा घालताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, काढताना तोच शेवटी. खाली पडलेली वस्तू उचलण्यासाठी लांब चिमटा मिळतो. तो नसेल तर हाक मारावी. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी ठेवावी, म्हणजे झोपेत पायावर पाय जात नाही. चालण्याच्या वाटेवरील सतरंज्या, पायपुसणी, नातवंडांची खेळणी व विजेच्या तारा दूर कराव्या. रात्री एक दिवा जळता ठेवावा. उंबरठ्याला काही इलाज नाही; तेथे थांबून, वॉकर आधी पलीकडे ठेवून मगच पाऊल टाकावे.

निखळण्याचे भय इतके सांगितले जाते की काही रुग्ण खाटेवरून उतरतच नाहीत. त्यात दुसरे, अधिक मोठे संकट आहे. पाय निश्चल राहिला की पोटरीच्या व मांडीच्या खोल शिरांतून रक्त साकळते, गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करतात. घरी आल्यावर जागेपणी दर तासाला पावले घोट्यातून वरखाली करावी, आणि दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालावे. रक्त पातळ ठेवण्याची गोळी वा इंजेक्शन डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत, बहुधा महिना-पाच आठवडे, चालू ठेवावे. 'आता बरे वाटते' म्हणून ते बंद करणे ही घातक काटकसर होय. पाय थोडा सुजतो, आणि ती सूज काही आठवडे राहते. त्यात विशेष नाही. पण पोटरी एकाएकी दुखू लागली, ताठरली, सूज रात्रीतूनही उतरेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली वा छातीत कळ आली तर क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठावे.

येथे मालिशवाल्याचा विषय निघतो. समाचाराला येणाऱ्यांपैकी एकाला तरी उत्तम हाडवैद्य ठाऊक असतो, आणि एकीच्या माहेरी अक्सीर तेल असते. देणाऱ्यांच्या मायेविषयी शंका नाही. पण पोटरीत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटू शकते, आणि पाय ओढून 'मोकळा' करण्याच्या भरात नवा सांधा निखळतो. जखमेला हळद, तेल, राख, कोरफड यांपैकी काहीही लावू नये. टाके बहुधा दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर पट्टी कोरडी राखणे एवढेच घराचे काम. जखमेतून स्राव येऊ लागला, लाली पसरू लागली, ताप आला किंवा कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढू लागले, तर घरी प्रतिजैविके सुरू न करता शल्यवैद्याकडेच जावे. धातूवर एकदा जंतूंनी ठाण मांडले की औषधाने त्यांना हुसकणे फार कठीण जाते. मधुमेह असेल तर या दिवसांत साखरेवर विशेष नजर ठेवावी.

काठी कोणत्या हातात धरावी? बहुतेक माणसे दुखऱ्या पायाच्या बाजूला धरतात, आणि ते चूक आहे. एका पायावर उभे राहिले की शरीराचा भार त्या खुब्याच्या आतल्या बाजूला पडतो व कंबर तिकडे कलू पाहते. नितंबाच्या बाजूचे स्नायू तिला बाहेरून ओढून धरतात. तराजूची ही दांडी स्नायूंच्या बाजूला आखूड असल्याने त्यांना बराच जोर लावावा लागतो, आणि सांध्यावर एकूण दाब शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट पडतो. काठी उलट हातात, म्हणजे निरोगी बाजूच्या हातात, धरली की ती खुब्यापासून दूर टेकते. लांब दांड्यामुळे हाताच्या अल्प जोरानेही स्नायूंचे पुष्कळ काम हलके होते. जिना चढताना चांगला पाय आधी वर जातो. उतरताना काठी व दुखरा पाय आधी खाली. वळताना त्या पायावर गिरकी घेऊ नये, लहान लहान पावले टाकून वळावे. वॉकर सोडण्याची घाई नको: लंगडत चालण्याची सवय एकदा लागली की स्नायू बरे झाल्यावरही ती जात नाही.

कित्येकांना शस्त्रक्रियेचा पाय लांब झाल्यासारखा वाटतो. क्वचित तो खरोखर थोडा लांब असतो. पण बहुधा वर्षानुवर्षे आखडलेले स्नायू व कललेली कंबर यांमुळे तसा भास होतो, आणि व्यायामाने काही महिन्यांत तो जातो. तोवर बुटाखाली चामड्याचे थर चढवू नयेत.

आहाराविषयी फार सांगावयास नको. शस्त्रक्रियेनंतर नुसती पेज व वरणाचे पाणी देण्याची रीत मात्र टाकून द्यावी. जखम भरण्यास प्रथिने लागतात. उसळी, दही, अंडी, मासे, ज्याच्या घरी जे चालते ते द्यावे. दुखण्यावरच्या तीव्र गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, तेव्हा पाणी, फळे व पालेभाजी हवी. काळसर शौच झाले तर ते रक्त असू शकते, कळवावे.

सहा आठवड्यांच्या सुमारास तपासणी होते, आणि त्यानंतर बहुतेक रुग्ण टेबलावरचे काम व मोटार चालविणे हळूहळू सुरू करू शकतात. रिक्षाचे हेलकावे व अरुंद बैठक पहिल्या आठवड्यांत टाळावी. मोटारीत शिरताना आधी पाठमोरे होऊन आसनावर बसावे, आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावे. दातांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा प्रसंग आला तर नव्या सांध्याची गोष्ट त्यांना आधी सांगावी.

नवा सांधा टिकतो किती? अनेक देशांच्या नोंदी तपासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2019 मध्ये जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यानुसार शंभरांपैकी सुमारे 58 सांधे पंचवीस वर्षांनीही चालू असतात. सत्तरीच्या माणसाला तेवढे जन्मभर पुरते. तिशी-चाळिशीच्या माणसाने मात्र पुढे कधीतरी तो पुन्हा बदलावा लागेल हे गृहीत धरावे, आणि तक्रार नसली तरी ठरलेल्या वेळी क्ष-किरण चित्र काढून घ्यावे.

पण घरोघरी विचारला जाणारा प्रश्न हा नसतोच. बेळगाव असो की बडोदे, तपासणीच्या खोलीतून बाहेर पडताना दारात थबकून रुग्ण विचारतो तो दुसराच: 'पुन्हा मांडी घालून पंगतीला बसता येईल का?' पहिले तीन महिने नाही, एवढे निश्चित. पुढे काहींना येते, विशेषतः ज्यांचे स्नायू चांगले भरून आले आहेत आणि ज्यांच्या सांध्याची ठेवण तशी आहे त्यांना. परंतु ती परवानगी क्ष-किरण चित्र पाहून शल्यवैद्यानेच द्यावयाची असते. उकिडवे बसणे बहुतेकांना कायमचे सोडावे लागते. पंगतीत भिंतीलगत एक खुर्ची व पुढ्यात उंच मेज मांडले, तर वाढणाऱ्यांची तक्रार नसते.