वाहनात ठेवावयाच्या अग्निशामकाची निवड

दिनांक ३ जून २०२२ रोजी पहाटे कलबुर्गी जिल्ह्यातील कमलापूरजवळ गोव्याहून हैदराबादकडे निघालेल्या एका खाजगी बसची मालवाहू वाहनाशी टक्कर झाली, बसने पेट घेतला आणि अनेक प्रवासी आतच होरपळून मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी १ जुलै रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली व २५ जणांचा अंत झाला. अशा वार्ता वाचून आपल्या भागातील अनेक वाहनधारक अग्निशामक नळकांडे विकत घेऊ लागले आहेत, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु आरंभीच हे स्पष्ट केले पाहिजे की, इंधनाची टाकी फुटून लागलेली आग लहान नळकांड्याने विझत नाही. तेथे माणसे बाहेर काढणे हेच एकमेव काम. नळकांडे उपयोगी पडते ते पहिल्या मिनिटात, तारांच्या जोडणीतून धूर निघू लागतो किंवा गळक्या नळीतील डिझेल तापलेल्या भागावर पडून भडका उडतो तेव्हा. बीदर-औराद मार्गावरील जनवाड्यासारख्या गावी तालुक्याच्या ठिकाणाहून बंब पोहोचेपर्यंत हे पहिले मिनिट केव्हाच निघून गेलेले असते.

आपल्याकडील मानकांनुसार आगीचे वर्ग पाडलेले आहेत. लाकूड, कापड, कडबा इत्यादी घन पदार्थांची आग 'ए' वर्गात, पेट्रोल-डिझेलसारख्या द्रवांची 'बी' वर्गात आणि वायूंची 'सी' वर्गात मोडते. वाहनात बैठकीचे कापड, इंधन आणि कित्येक गाड्यांत सीएनजी असे तिन्ही असते. म्हणून 'एबीसी' असे लिहिलेले कोरड्या भुकटीचे नळकांडे सामान्य वाहनधारकास सर्वांत सोयीचे ठरते. केवळ 'बीसी' भुकटी बैठकीच्या आगीस पुरेशी नाही. पाणी व फेस इंधनाच्या किंवा विजेच्या तारांच्या आगीवर सारखे चालत नाहीत. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे जड असते, त्याचा मारा आखूड असतो आणि उघड्या रस्त्यावरील वाऱ्यात तो वायू उडून जातो.

पूर्वी मोटारींतून पितळी पिचकारीत कार्बन टेट्राक्लोराइड ठेवीत. ते आगीवर पडले असता विषारी फॉस्जीन वायू निर्माण होत असे. जुन्या सामानात अशी पिचकारी आढळल्यास ती वापरू नये. त्यानंतर आलेला हॅलॉन वायू परिणामकारक होता, परंतु ओझोन थरास अपायकारक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झाले.

आकारमानाविषयी बोलावयाचे तर एक किलोचे नळकांडे जेमतेम आठ-दहा सेकंद चालते. नवशिक्याचा अर्धा मारा चुकतो हे लक्षात घेता जीप व मोटारीसाठी दोन किलोचे घेणे अधिक श्रेयस्कर. बस व मालमोटारींनी त्यांस लागू असलेल्या नियमांप्रमाणे मोठी नळकांडी ठेवावीत. खरेदी करताना आयएसआय चिन्ह व आयएस १५६८३ हा मानक क्रमांक पाहावा. दाबमापक असलेलेच नळकांडे घ्यावे व काटा हिरव्या पट्ट्यात असल्याची खात्री करावी. उन्हाळ्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत उष्मा फार वाढतो, तेव्हा नळकांड्यावर छापलेली तापमानाची मर्यादाही वाचावी.

नळकांडे सामानाच्या कप्प्यात टाकून देणे म्हणजे नसल्यासारखेच. ते चालकाच्या हाताशी, लोखंडी कडीत घट्ट बसवावे. सुटे राहिल्यास अपघातात तेच डोक्यात बसावयाचे. आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी भुकटी तळाशी दाटून बसते, म्हणून महिन्यातून एकदा काढून, उलटे धरून हलवावे. शाळेची वाहने चालविणाऱ्यांकडून ही गोष्ट करवून घेण्याचे काम मुख्याध्यापकांनी आपल्याकडे घ्यावे.

इंजिनात आग असल्यास गाडी थांबवून, इंजिन बंद करून, सर्वांना उतरवावे व ११२ क्रमांकास कळवावे. बॉनेट पूर्ण उघडू नये. आत हवा शिरताच ज्वाळा उसळतात. फटीतून, वाऱ्याकडे पाठ करून, ज्वाळेच्या बुडाशी भुकटी मारावी.

ट्रॉलीतील कडब्याची गोष्ट निराळी. विजेच्या तारेस घासून पेटलेल्या कडब्यावर भुकटी मारल्यास ज्वाळा दबतात, पण आतील निखारे पुन्हा पेट घेतात. तेथे भरपूर पाणीच लागते, मात्र कडबा वा ट्रॉली तारेला टेकलेली असेल तोवर जवळ जाऊ नये व पाणी मारू नये. तार दूर असून शक्य असल्यास ट्रॉली सोडून ट्रॅक्टर पुढे न्यावा. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी पेटल्यास नळकांड्याने ती थोपत नाही. दूर व्हावे.

एकदा किंचितही वापरलेले नळकांडे पुन्हा भरून घ्यावे लागते, कारण झडपेत भुकटी अडकून दाब हळूहळू निघून जातो. इंजिनावर पडलेली भुकटीही लवकर साफ करवून घ्यावी. ओल लागल्यास ती धातू व तारांच्या जोडण्या खाते.