चिंटूची गँग चेन्नईत

घरात पेपर आला की कोण कुठलं पान आधी उघडतं, यावरून माणसाचं वय ओळखता यायचं. आजोबा अग्रलेख, बाबा खेळाचं पान, आई राशिभविष्य आणि मुलं चिंटू. खरं सांगायचं तर आजोबाही आधी चिंटूच बघायचे, फक्त कबूल करायचे नाहीत!

२१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या 'सकाळ'मध्ये चिंटू पहिल्यांदा छापून आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीनं त्याला जन्म दिला. दोन-तीन चौकोन, मोजकी वाक्यं आणि शेवटच्या चौकोनात फजिती. ती कधी चिंटूची, तर कधी त्याला शहाणपण शिकवायला गेलेल्या मोठ्यांची. तेव्हा ज्यांनी चिंटूवर बोट ठेवून जोडाक्षरं वाचली, ते आज घराचे हप्ते भरतात आणि मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर गृहपाठ विचारतात. चिंटू मात्र अजून शाळेतच आहे.

त्याची माणसं तुम्हाला आठवत असतील. पप्पू म्हणजे जिवाभावाचा दोस्त. मिनी मैत्रीण खरी, पण तिच्याशी रोज पटेलच असं नाही. राजूशी उघड वैर. बगळ्या हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नसणार, ही गल्लीनं दिलेली पदवी आहे! सोनू एवढासा. घरात आई-पप्पा, आजी-आजोबा, शेजारी जोशी काकू, आणि गल्लीत एक सतीशदादा.

आणि विनोद? प्रगतिपुस्तक, गृहपाठ, आईनं सांगितलेलं काम, पाहुण्यांसमोर निघून गेलेलं नको ते वाक्य, भलत्याच अंगणात गेलेला चेंडू. यातलं काहीही नवीन नाही, आणि मजा तिथेच आहे. प्रगतिपुस्तक दिसलं की शेवट काय होणार हे आपल्याला माहीत असतं. आज चिंटू तिथपर्यंत कुठल्या वाटेनं जातो, एवढंच बघायचं असतं.

जगातल्या गाजलेल्या चित्रमालिकाही याच युक्तीवर चालल्या. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली आणि जवळजवळ पन्नास वर्षं चालली. त्यात ल्युसी फुटबॉल धरून बसते, चार्ली ब्राउन लाथ मारायला धावत येतो आणि ती ऐनवेळी चेंडू काढून घेते. तो पाठीवर आपटतो. पुढच्या वर्षी पुन्हा विश्वास ठेवतो, पुन्हा आपटतो. १९९९ मध्ये ल्युसीला मध्येच घरी जावं लागतं, म्हणून ती धाकट्या भावाला, रीरनला, चेंडू धरायला लावते. त्या दिवशी नेमकं काय झालं, हे शुल्झ यांनी ना ल्युसीला कळू दिलं, ना आपल्याला. 'कॅल्विन अँड हॉब्स'मध्ये तर नूडल्सचं एक प्रकरण आहे. त्याचा नुसता उल्लेख झाला तरी कॅल्विन हादरतो. ते प्रकरण काय होतं, हे बिल वॉटरसन यांनी १९९५ मध्ये मालिका बंद होईपर्यंत सांगितलं नाही.

चिंटूत अशी भव्य कोडी नाहीत. त्याचा विनोद साधा, घरगुती आहे. पण मला वाटतं, एका बाबतीत तो या दोघांपेक्षा श्रीमंत आहे. 'पीनट्स'मध्ये मोठी माणसं दिसतच नाहीत. कॅल्विनला आईबाबा आहेत, पण त्याचा खरा सोबती एक वाघ आहे, जो इतरांना कापसाचं खेळणंच दिसतो. दोघंही तसे एकटे जीव. चिंटूला मात्र एकटं राहायला सवडच नाही! एकाच्या तावडीतून सुटला की दुसरं कुणीतरी समोर उभं. त्यांची नावंसुद्धा नात्यासकट येतात. नुसत्या 'मिसेस जोशी' नाहीत, जोशी काकू. नुसता सतीश नाही, सतीशदादा.

हे माझ्या नीट लक्षात आलं ते चेन्नईत. माझी अकरा वर्षांची मामेबहीण वेळच्चेरीत राहते. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळताना तमिळ, आणि शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी ओळखीची. मराठी पुस्तकं तिला दर वाढदिवसाला मिळतात आणि कपाटात जातात. 'श्यामची आई'सुद्धा तिथेच, अगदी कोरी. इथल्या बहुतेक मराठी घरांत हेच आहे. मुलं मराठी बोलतात, पण पानभर मराठी मजकूर दिसला की 'तूच वाचून दाखव' म्हणतात. मराठी फक्त कानापुरती उरते आणि पुढच्या पिढीत तीही जाते. तंजावरच्या मराठी घराण्यांनी निदान आपली वेगळी बोली तरी सांभाळली. आपण अपार्टमेंटवाले काय सांभाळणार, कोण जाणे.

तिच्या हातात मी चिंटूचा एक संग्रह दिला. पहिली अडचण आली बगळ्यापाशी. हिंदीच्या पुस्तकात ळ नसतो, त्यामुळे तिनं वाचलं, 'बगल्या'. मी म्हटलं, अगं, 'वाळपळम'मधला आवाज, केळ्याचा! तमिळमध्ये ळ आहेच की. लगेच जमलं. अक्षर तेवढं नवं होतं, आवाज तिच्या तोंडात आधीपासून होता. जोशी काकू तर तिला समजावूनही सांगाव्या लागल्या नाहीत. 'म्हणजे आपल्या वरच्या मजल्यावरच्या मामी,' ती म्हणाली. सतीशदादाचा झाला सतीश अण्णा.

मग ती एका चित्रावर अडली. तिनं विचारलं, ''ताई, पप्पू आधी फोन न करता कसा आला?''

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिच्या मैत्रिणीला घरी यायचं तर आधी दोन आयांचे मेसेज होतात, मग गेटवरचा वॉचमन इंटरकॉमवरून विचारतो, मग लिफ्ट. चिंटूच्या जगात यातलं काही नाही. मित्र दारात उगवतात, शेजारच्या काकू तक्रार घेऊन येतात, भांडण होतं आणि उद्याच्या पेपरात सगळे पुन्हा एकत्र. हे सगळे विनोद चालतात ते येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायला कुणी नसतं म्हणून. मुलाचा खोडकरपणा आजही तेवढाच आहे, पण खोडी काढायला माणूस तर हवा ना!

गंमत म्हणजे, २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी 'चिंटू'वर चित्रपट केला, तेव्हा त्यातलं संकटही जागेचंच होतं. सुट्टीत पोरांच्या खेळायच्या मैदानावर चायनीजची गाडी येऊन बसते आणि गँग ते मैदान परत मिळवायला निघते. शुभंकर अत्रे चिंटू, सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे आई-पप्पा. चित्रपट छान आहे, मुलांना दाखवा. पुढच्या वर्षी दुसरा भागही आला. तरी मला पेपरातला चिंटूच जास्त आवडतो. चित्रपटाला खलनायक लागतो आणि शेवटी विजय लागतो. पेपरातल्या चिंटूला कुणी जिंकायला लावत नाही, त्याला फक्त उद्या पुन्हा यायचं असतं.

तेच ते पुन्हा होण्यातली ही गोडी चेन्नईलाही नवी नाही. 'चांदोबा' वाचत मोठे झालेल्यांना 'वडपळणी, मद्रास' हा पत्ता आठवत असेल. मराठी 'चांदोबा' १९५२ पासून तिथूनच निघायचा. त्यातला विक्रम दर वेळी प्रेत खांद्यावर टाकायचा, उत्तर द्यायचा, आणि वेताळ पुन्हा झाडावर. शंकर यांच्या कुंचल्यातलं ते चित्र तर विसरणं शक्य नाही. 'या वेळी तरी विक्रमानं गप्प बसावं' असं वाटायचं, आणि तो गप्प बसला असता तर पुढच्या महिन्यात काय वाचलं असतं?

घरात मराठी वाचायला कंटाळणारं मूल असेल तर चिंटूचा कुठलाही संग्रह घ्या आणि मधलंच पान उघडा. आधीची गोष्ट माहीत असायची गरज नाही. रोज दोन पानं, त्याहून जास्त नको. तुम्ही वाचून दाखवू नका, चित्र बघून त्यालाच शेवटचा चौकोन ओळखू द्या. अडलेला शब्द विचारला तर सांगा, शुद्धलेखन काढू नका. आमच्या वेळच्चेरीच्या घरात सध्या संग्रह बाहेरच असतो, सोफ्यावर. मागच्या शनिवारी वरच्या मामींची नात तो मागायला आली. तिला मराठी येत नाही, ती नुसती चित्रं बघते आणि मध्येच विचारते, ''याचं नाव काय?'' मग आमची पोरगी, ळ वर जरा जास्तच जोर देऊन, तिला सांगते.