मिकानिया : एका वेलवंशाचा परिचय

झेंडू, शेवंती व सूर्यफूल ही ज्या ॲस्टरेसी कुलाची परिचित रूपे होत, त्या कुलात वेली तुलनेने थोड्याच आढळतात. मिकानिया हा वंश त्यामुळे लक्षणीय ठरतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनो यांनी १८०३ मध्ये त्याची स्थापना केली. त्यातील जाती चारशेहून अधिक असून बहुतेक मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील आहेत. प्रत्येक स्तबकात केवळ चार पुष्पके व त्यांभोवती चार छदे, ही या वंशाची खूण होय. किरण-पुष्पकांच्या अभावी हा फुलोरा सूर्यफुलाचा सगोत्र वाटत नाही. आपल्याकडील रानमोडीशी मात्र त्याचे जवळचे नाते आहे.

ब्राझीलमध्ये मिकानिया ग्लोमेराटा ही जाती 'ग्वाको' या नावाने खोकल्यावरील औषध म्हणून आदराने जोपासली जाते. तिच्याच वंशातील मिकानिया मायक्रांथा भारतात उपद्रवी ठरली आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानतळ झाकण्यासाठी ती आणली गेली, असे विधान वारंवार केले जाते. त्याला कागदोपत्री पुरावा मात्र क्वचितच जोडलेला असतो. आसामात तिला 'जपानी लता' म्हणतात. केरळातील 'धृतराष्ट्र पच्चा' हे नाव अधिक मार्मिक आहे. भीमाच्या लोहपुतळ्याचा चुरा करणाऱ्या त्या आलिंगनाप्रमाणेच ही वेल रोपांना कवटाळते. ती परजीवी नव्हे. ती आधारवृक्षावर पसरून त्याचा सूर्यप्रकाश तोडते. चहा, केळी, साग यांच्या लागवडी आणि नेपाळच्या चितवन राष्ट्रीय उद्यानातील गेंड्यांचा अधिवास यांना तिचा उपद्रव पोहोचला आहे.

निर्मूलनाची अडचण तिच्या प्रजननपद्धतीत आहे. दोन मिलिमीटरहून लहान, रोमगुच्छयुक्त फळे वाऱ्याबरोबर दूर जातात. शिवाय पेऱ्यांतून मुळे फुटतात. तेव्हा वेल कापून तुकडे तेथेच टाकणे म्हणजे तिची लागवड करणेच होय. तोडणी फुलोऱ्यापूर्वी व्हावी आणि तुकडे गोळा करून नष्ट करावेत, हे इष्ट.

जैविक नियंत्रणासाठी पुक्सिनिया स्पेगाझिनी हा तांबेरा रोगाचा कवक २००५-०६ च्या सुमारास आसाम व केरळमध्ये सोडण्यात आला. तो येथे टिकला नाही. पापुआ न्यू गिनीमध्ये मात्र २००८ नंतर तोच कवक रुजला व वेलीची वाढ मंदावली. एका देशातील अपयशावरून ही पद्धतीच निकामी ठरविणे त्यामुळे घाईचे होईल. कवकाचा कोणता वाण निवडला आणि तो कोणत्या हवामानात सोडला, हे प्रथम तपासले पाहिजे.