सरकार कोणासाठी लहान होते?

सरकार मोठे असावे की लहान, हा प्रश्न बाळापूरच्या बस स्टँडवर कुणी विचारीत नाही. तिथले प्रश्न वेगळे असतात. तलाठी आला काय, दाखला निघाला काय, दवाखान्यात डॉक्टर हाय काय, पोराची शिष्यवृत्ती जमा झाली काय, लाडक्या बहिणीचा हप्ता पडला काय. विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ ज्याला 'सरकारचा आकार' म्हणतात तो हाच. आमच्या माणसाला त्याचे इंग्रजी नाव ठाऊक नसेल, पण तो आकार त्याला रोज मोजावा लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी अब्जाधीश इलॉन मस्क यांच्या हाती सरकार छाटण्याचे काम दिले. फेब्रुवारीत मस्क व्यासपीठावर लाकूड कापण्याची यांत्रिक करवत घेऊन नाचले. दोन लाख कोटी डॉलर वाचवतो, ही त्यांची सुरुवातीची घोषणा. प्रत्यक्षात काय झाले? त्या वर्षात सुमारे तीन लाख कर्मचारी केंद्र सरकारच्या नोकरीतून बाहेर गेले. आणि सरकारचा एकूण खर्च? तो २०२४ च्या आर्थिक वर्षात पावणेसात लाख कोटी डॉलर होता, २०२५ मध्ये सात लाख कोटींवर गेला. खर्च कमी झालाच नाही. कमी झाली ती माणसे.

कोणती माणसे, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे प्रमाण खाजगी नोकऱ्यांपेक्षा केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत जास्त आहे. जिथे मालकाची मर्जी चालत नाही, परीक्षा आणि नियम चालतात, तिथेच दबलेला माणूस आत शिरू शकतो. म्हणूनच पहिला घाव तिथे बसतो. ट्रम्प यांनी शपथ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी २०२५ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा १९६५ चा आदेश रद्द केला. सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपन्यांनी नोकरीत भेदभाव करू नये, वंचितांना संधी द्यावी, असे त्या आदेशात होते. त्याने सरकारचा किती पैसा वाचला असेल?

ही चाल जुनीच आहे. १९१३ साली वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्यांच्या वेगवेगळ्या बैठका सुरू झाल्या. पुढच्या वर्षापासून नोकरीच्या अर्जाला फोटो लावणे सक्तीचे झाले, म्हणजे रंग आधीच कळावा. त्याच १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकू लागले.

आता 'लोकानुनय' या शब्दाकडे येऊ. इंग्रजीत ज्याला पॉप्युलिझम म्हणतात, तो शब्द जन्मला कुठे? अमेरिकेतल्या कर्जबाजारी कापूस आणि गहू पिकविणाऱ्या शेतकऱ्यांत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर गेली. अकोला, खामगावच्या बाजारात भाव वधारले. युद्ध संपले, अमेरिकन कापूस परत आला, भाव कोसळले. तिकडचा शेतकरीही त्या पडत्या भावातच पुढे सावकाराच्या वहीत अडकत गेला. त्यातून पीपल्स पार्टी उभी राहिली. १८९२ च्या तिच्या जाहीरनाम्यात मागणी होती रेल्वे आणि तारयंत्रे सरकारने ताब्यात घ्यावीत, श्रीमंतांवर चढत्या दराने आयकर लावावा, चांदीचे नाणे मोकळे करावे. म्हणजे त्या मूळच्या लोकवाद्यांना सरकार मोठे हवे होते! आजचे लोकवादी त्याच जनतेच्या नावाने करवत फिरवतात.

त्या पक्षाची पुढची गोष्ट आपल्या लोकांनी नीट वाचावी. जॉर्जियाचा टॉम वॉटसन हा त्यांचा मोठा पुढारी. १८९२ मध्ये तो काळ्या आणि गोऱ्या गरीब शेतकऱ्यांना सांगत होता की तुम्हाला एकमेकांपासून तोडून लुटले जात आहे. पक्ष हरला. दहा-पंधरा वर्षांत हाच वॉटसन काळ्यांचा मताधिकार काढून घ्या म्हणू लागला आणि १९०८ मध्ये जॉर्जियात तसा कायदा झालाही. 'जनता' म्हणताना कोणाला मोजायचे आणि कोणाला वगळायचे हे पुढारी ठरवू लागला, की पहिला वगळला जातो तो सर्वांत खालचा माणूस.

महाराष्ट्रात २८ जून २०२४ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. महिना १,५०० रुपये. निवडणूक जिंकताना आश्वासन २,१०० चे. या पंधराशेची टिंगल करणारे पांढरपेशे लोक मला पसंत नाहीत. वाडेगावच्या लिंबाच्या बागेत किंवा कपाशीच्या वावरात रोजाने जाणाऱ्या बाईला पंधराशे रुपये म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याने अर्थशास्त्र बोलू नये. नवऱ्यापुढे हात न पसरता आलेले पैसे आहेत ते. प्रश्न त्या बाईला विचारायचा नाही. प्रश्न असा आहे की पैसे कोणाच्या ताटातून काढले?

त्याचे उत्तर मे २०२५ मध्ये मिळाले. हप्ता भागविण्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी रुपये महिला व बालविकास खात्याकडे वळविले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, खाते नको असेल तर बंद करा, अशा भाषेत. मंत्र्यालाच असे म्हणावे लागते तिथे वसतिगृहातल्या पोराने कोणाकडे जावे? खुलासा असा आला की अनुसूचित जातींच्या बहिणींनाही पैसे मिळतातच. मग जी योजना सर्वांसाठी आहे तिच्यातला आमचा वाटा आमच्याच राखीव पैशातून का? हे म्हणजे सार्वजनिक विहीर खोदायची आणि महारवाड्याकडून पट्टी वेगळी घ्यायची.

यात पक्ष पाहू नका. कर्नाटकात काँग्रेस सरकारने गॅरंटी योजनांसाठी २०२४-२५ मध्ये अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेतील १४ हजार कोटींहून अधिक रक्कम लावली. तिथे तर उपयोजनेचा कायदा २०१३ पासून आहे. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणीच वर्षानुवर्षे चालू आहे.

एका हाताने खात्यात पैसे आणि दुसऱ्या हाताने नोकऱ्यांना कात्री. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा मार्ग उघडला. राज्यभर आरडाओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. निर्णय गेला, पद्धत गेली नाही. बाळापूर तालुक्यातच पारसचे वीज केंद्र आहे. साठच्या दशकात तिथे वीज मंडळाचे संच सुरू झाले. आज महानिर्मितीचे २५० मेगावॉटचे दोन संच चालतात. वीज मंडळ सरकारी होते म्हणून तिथे आरक्षण होते, बिंदुनामावली होती, अनुशेष मागता येत होता. कंत्राटदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली नसते. खाउजा धोरणाविरुद्ध आपण नव्वदीपासून ओरडतो आहोत ते यासाठीच.

आणि कपाशीचे पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारने कापसावरचा ११ टक्के आयातकर काढला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे वऱ्हाडात वेचणी चालू असतानाच. डिसेंबरात करवतवाल्या ट्रम्प सरकारने स्वतःच्या शेतकऱ्यांना १,२०० कोटी डॉलरची मदत जाहीर केली. तिथे सरकार लहान करायचे कोणाला आठवले नाही.

बाबासाहेबांचे मार्च १९४७ चे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन या संदर्भात पुन्हा उघडावे लागते. मूलभूत उद्योग सरकारचे, विमा सरकारचा, शेती हा सरकारी उद्योग. एवढे बहुतेकांना पाठ असते. पण ही अर्थरचना त्यांना विधिमंडळाच्या साध्या बहुमतावर सोडायची नव्हती, संविधानातच लिहून हवी होती, कारण आज आलेले बहुमत उद्या ती मोडू शकते. निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झालेली योजना आणि निवडणुकीनंतर सुरू झालेली पडताळणी ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०२५ च्या जूनपासून २६ लाखांवर बहिणींचे हप्ते थांबले. हक्क असता तर कोर्टात जाता आले असते.

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. त्यात कर्जाचा आकडा वाचून दाखविणारे पुष्कळ भेटतील. २०२५-२६ मध्ये तो नऊ लाख कोटींच्या पुढे होता. आपल्या कार्यकर्त्यांनी अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाचे पुस्तक मागवावे आणि त्यात महिला व बालविकास खात्याच्या नावावर किती रक्कम टाकली आहे, ते पान आधी काढावे.