कारखान्यात सॉफ्टवेअर आणताय? आधी खरं ड्रॉइंग कोणतं ते ठरवा. भोपाळकडून उद्यमबागेला घेण्यासारखा धडा

उद्यमबागेत मशीन शॉप चालवणाऱ्यांना हा प्रकार नवीन नाही. पार्टीकडून ड्रॉइंग आलं, जॉब मशीनवर चढला, ५० नग तयार झाले. गाडी भरताना फोन येतो, "त्या बोअरचं माप बदललंय, नवीन ड्रॉइंग मागच्याच आठवड्यात मेल केलंय की!" मेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पडून आणि मशीनजवळ तेलाचे डाग पडलेला जुना कागद. ५० नग भंगारात. मटेरियल गेलं, मजुरी गेली आणि पार्टीसमोर नाव खराब झालं ते वेगळंच.

ईआरपी, पीएलएम, एमईएस अशा नावांनी कारखान्यांना जी सॉफ्टवेअर विकली जातात, त्यांचं मूळ काम हा घोटाळा थांबवणं हेच आहे. पण नावं ऐकून अनेक छोटे कारखानदार बिचकतात, तर काही जण पैसे मोजून सॉफ्टवेअर आणतात आणि सहा महिन्यांत पुन्हा वहीवर येतात. यातलं नेमकं काय कशासाठी असतं, हे समजायला भोपाळ हे चांगलं उदाहरण आहे.

भोपाळच का?

भोपाळ म्हटलं की आपल्याला १९८४ ची वायू दुर्घटना आठवते. पण या शहराची औद्योगिक ओळख त्याआधीची आहे. १९५६ मध्ये ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं इथं हेवी इलेक्ट्रिकल्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९७४ मध्ये तो 'भेल'मध्ये विलीन झाला. जलविद्युत केंद्रांची टर्बाइन, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, रेल्वे इंजिनांच्या मोटारी ही इथली कामं. कारखान्याला लागूनच गोविंदपुरा औद्योगिक वसाहत वाढली. तिथल्या छोट्या शॉपनी वर्षानुवर्षं 'भेल'ला लागणारे सुटे भाग आणि फॅब्रिकेशन पुरवलं. मोठा कारखाना आणि त्याच्या आधारानं जगणारे शेकडो छोटे, हे चित्र बेळगावकरांनाही ओळखीचं आहे.

आता टर्बाइन ही वस्तू कशी बनते ते बघूया. ती दुकानात तयार मिळत नाही. धरणातलं पाणी किती उंचीवरून येतं आणि किती येतं, यावर तिचा आकार ठरतो. खूप उंचीवरून येणाऱ्या पाण्याला पेल्टन, मध्यम उंचीला फ्रान्सिस आणि कमी उंचीच्या पण भरपूर पाण्याला कॅप्लान टर्बाइन लागतं. त्यामुळे प्रत्येक प्रकल्पाचं डिझाइन जवळपास नवीन असतं. पूर्वी अंदाजानं पात्याचा आकार ठरवायचा, छोटं मॉडेल बनवून पाण्यावर चाचणी घ्यायची, कमी पडलं की पुन्हा आकार बदलायचा. आता पाण्याचा प्रवाह आधी कॉम्प्युटरवर तपासला जातो. त्यातून निवडलेलेच आकार मॉडेलच्या चाचणीपर्यंत जातात.

अशा कामात एक अडचण कायमची असते. डिझाइन आणि उत्पादन एकाच वेळी चालू असतं. एक भाग शॉपमध्ये कापला जात असताना दुसऱ्याचं माप डिझाइन ऑफिसात बदलत असतं. ते बदललेलं माप वेळेत पोचलं नाही, तर कित्येक टनांचा भाग वाया जाऊ शकतो.

तीन नावं, तीन कामं

पीएलएम म्हणजे वस्तूच्या जन्मापासूनची कुंडली. कोणतं ड्रॉइंग, त्याची कितवी रिव्हिजन, कुणी बदल केला, कुणी मंजूर केला, हे सगळं एका ठिकाणी राहतं. जुनी रिव्हिजन कुणी उघडायला गेलं तर ती रद्द झाल्याचं लगेच दिसतं.

ईआरपी म्हणजे मालाचा आणि पैशाचा हिशोब. ऑर्डर किती, स्टोअरमध्ये बार किती, कुठला माल कधी मागवायचा, बिल कधी निघालं, हे त्यात असतं. टॅलीचा मुख्य भर पैशाच्या बाजूवर असतो. ईआरपीत ती मशीन आणि मालाशी जोडली जाते.

एमईएस म्हणजे शॉप फ्लोअरवर आत्ता काय चाललंय ते. कुठल्या मशीनवर कुठला जॉब आहे, किती झाले, किती रिजेक्ट झाले, मशीन बंद असेल तर कशामुळे, हे त्यात कळतं.

टर्बाइनसारखी प्रत्येक वेळी वेगळी वस्तू बनवणाऱ्याला पीएलएमची गरज सर्वांत जास्त. उलट भोपाळला लागूनच, रायसेन जिल्ह्यातल्या मंडीदीप वसाहतीत आयशर ट्रॅक्टर बनतात, एचईजीचे ग्रॅफाइट इलेक्ट्रोड बनतात. तिथं एकच वस्तू पुन्हा पुन्हा बनते. अशा ठिकाणी प्रश्न असतो तो वाया जाणाऱ्या मिनिटांचा.

मिनिटांचा हिशोब

हा हिशोब जपानमधून आलेल्या 'ओईई' या मापानं करतात. समजा, शिफ्ट ४८० मिनिटांची आहे. सेटिंग, टूल बदलणं आणि लाइट जाणं यात ९६ मिनिटं गेली. उरली ३८४, म्हणजे ८० टक्के. एका नगाला ४ मिनिटं लागतात, तेव्हा या वेळात ९६ नग निघायला हवेत. निघाले ८०, म्हणजे सुमारे ८३ टक्के. त्यातले ७२ पास झाले, म्हणजे ९० टक्के.

वेगवेगळे बघितले तर तिन्ही आकडे बरे वाटतात. पण तिन्हींचा गुणाकार केला की ६० टक्के येतो. ४८० मिनिटांत १२० चांगले नग निघू शकले असते, हातात आले ७२. जगभर ८५ टक्के हा उत्तम आकडा मानला जातो. नवीन व्हीएमसीसाठी कर्ज काढण्याआधी हा हिशोब एकदा करून बघितला, तर कदाचित जुन्या मशीनमध्येच अर्धं मशीन दडलेलं सापडेल.

सॉफ्टवेअर असूनही फसतं

सॉफ्टवेअर आणलं की प्रश्न मिटला, असं नसतं. एअरबसच्या ए३८० या महाकाय विमानाची गोष्ट प्रसिद्ध आहे. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. जर्मनीतला हँबर्ग कारखाना आणि फ्रान्समधला तुलूझ कारखाना एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. जोडणीच्या वेळी वायरचे जुडगे बसेनात, लांबी कमी पडली. २००६ मध्ये कंपनीला उशिराची कबुली द्यावी लागली. पहिलं विमान ग्राहकाला मिळालं ते २००७ मध्ये, जवळपास दोन वर्षं उशिरा. पैसा आणि इंजिनिअर यांची तिथं काय कमी? कमी होती ती सगळ्यांकडे एकच खरं ड्रॉइंग असण्याची. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानांचे भाग बनवणाऱ्यांना रिव्हिजन नंबरबाबत एवढं कडक का राहावं लागतं, ते यावरून कळेल.

छोट्या शॉपनं सुरुवात कुठून करायची?

पहिलं पाऊल फुकटात होतं. प्रत्येक ड्रॉइंगवर नंबर, रिव्हिजन आणि तारीख टाका. नवीन ड्रॉइंग आलं की जुनं मशीनजवळून उचलून फाडायचं, आणि हे काम एकाच माणसाकडे ठेवायचं. जॉब कार्डवर रिव्हिजन नंबर लिहिल्याशिवाय जॉब मशीनवर चढवायचा नाही.

दुसरं, महिनाभर एकाच मशीनची नोंद ठेवा. किती वेळ बंद, कशामुळे, किती रिजेक्ट. वही चालेल, एक्सेल चालेल. ही सवय लागली नाही तर लाखाचं सॉफ्टवेअरही रिकामंच राहणार.

त्यानंतर सॉफ्टवेअर. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यात उत्पादनाचा भागही आहे. परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण ते बसवायला आणि शिकवायला माणूस लागतो, तो खर्च धरायला हवा. फाउंड्रीवाल्यांसाठी आयआयटी मुंबईत विकसित झालेलं ऑटोकास्ट आहे. धातू साच्यात कुठे आकसेल आणि पोकळी कुठे राहील, हे ओतण्याआधी दिसलं तर पॅटर्न आणि रायझर वेळीच बदलता येतात. केंद्राच्या 'समर्थ उद्योग' योजनेतली केंद्रं बेळगावच्या दोन्ही बाजूंना आहेत, पुण्यात सीफोरआयफोर आणि बंगळुरात सीएमटीआय. भोपाळमध्ये जर्मन सहकार्यानं १९९७ मध्ये सुरू झालेली 'क्रिस्प' ही संस्था असंच प्रशिक्षण देते.

मशीनवरचा माणूस

एक गोष्ट मात्र कुठलंच सॉफ्टवेअर करून देत नाही. नोंद करणारा असतो ऑपरेटर. मशीन ४० मिनिटं बंद होतं असं त्यानं खरं लिहिलं आणि त्याबद्दल त्याचाच पगार कापला, तर दुसऱ्या दिवसापासून मशीन कधीच बंद पडणार नाही, कागदावर तरी. स्क्रीन हिरवी दिसेल आणि माल मात्र उशिराच जाईल. उलट त्याच्या नोंदीवरून टूल वेळेवर मिळालं, फिक्स्चर सुधारलं, तर तो स्वतःहून लिहील.

म्हणून मोठा कारखाना असो की उद्यमबागेतलं चार लेथचं शॉप, सॉफ्टवेअरमध्ये जे खरं भरलं जातं तेवढंच त्यातून बाहेर येतं. भरणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मालकालाच ठरवावं लागतं.