गाडीचा बेल्ट किंचाळतोय? गप्प करण्याआधी कारण शोधा

सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून 'चुईंऽऽ' असा आवाज येतो आणि थोड्या वेळात आपोआप थांबतो. जुन्या गाडीत, त्यातून पावसाळ्यात, हे इतकं नेहमीचं असतं की बरेच जण तिकडे दुर्लक्ष करतात. काही जण बेल्टला साबण चोळून मोकळे होतात. पण हा आवाज म्हणजे कॉम्प्युटरवरच्या एरर मेसेजसारखा आहे. मेसेज बंद केला म्हणून बिघाड दुरुस्त होत नाही.

हा बेल्ट करतो काय?

इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या पुलीवरून हा रबरी पट्टा फिरतो आणि अल्टरनेटर चालवतो. गाडीनुसार एसीचा कॉम्प्रेसर, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि वॉटर पंपही बेल्टवरच चालतात. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीमध्ये रेडिएटरचा पंखाही त्यावरच फिरायचा, म्हणून गॅरेजमध्ये आजही त्याला 'फॅन बेल्ट' म्हणतात.

टायमिंग बेल्ट वेगळा. तो कव्हरच्या आत असतो, त्याला दाते असतात आणि तो व्हॉल्व्हची वेळ सांभाळतो. त्याला घरी हात लावायचा नाही.

सकाळीच का ओरडतो?

बेल्ट पुलीला घट्ट पकडून फिरला तर आवाज होत नाही. पकड सुटली की तो क्षणभर घसरतो, पुन्हा पकडतो, पुन्हा घसरतो. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की रबर थरथरतं आणि आपल्याला किंचाळी ऐकू येते.

स्टार्टरने बॅटरीतला करंट ओढलेला असतो. तो भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो, म्हणजेच त्याची पुली फिरवायला जड होते. त्यात रात्रीचा ओलावा. बेल्ट सैल किंवा झिजलेला असेल तर तो नेमका इथे उघडा पडतो. एसी लावल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आवाज येत असेल तरी कारण तेच: लोड वाढला, पकड कमी पडली.

पाण्याची सोपी चाचणी

इंजिन चालू ठेवा. स्प्रे बॉटलने लांबूनच बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं साधं पाणी मारा. हात, ओढणी, गळ्यातली साखळी फिरत्या भागांपासून दूर हवी.

- आवाज वाढला, तर बेल्ट घसरतोय. ताण कमी आहे, बेल्ट झिजलाय किंवा टेन्शनर कमजोर झालाय.
- आवाज थांबला आणि पाणी वाळताच परत आला, तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त. हा आवाज सहसा लांब किंचाळीसारखा नसून 'चिव-चिव' असा तालात येतो. एक फूट अंतरात अर्धा अंश तिरकेपणा म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर. डोळ्यांना दिसत नाही, पण बेल्टला पुरतो.
- काहीच फरक पडला नाही आणि आवाज घरघरीसारखा असेल, तर एखाद्या बेअरिंगवर संशय घ्या.

आता बेल्ट बघा

इंजिन बंद, चावी बाहेर, सगळं थंड झालेलं. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही सुरू होतो, म्हणून त्याच्या पात्यांजवळ हात नेऊ नका.

जुन्या पद्धतीच्या रबराला आडवे तडे जातात, ते लगेच दिसतात. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात आणि त्यांना तडे सहसा पडत नाहीत. ते टायरसारखे झिजतात. खाचा रुंद होतात आणि वरून ठणठणीत दिसणारा बेल्टही घसरतो. बेल्टवर तेल किंवा कूलंट दिसलं तर आधी गळती थांबवा, नाहीतर नवा बेल्टही लवकर खराब होईल.

नवा घेताना जुन्यावरचा नंबर बघा. '४पीके ८१५' याचा अर्थ चार कणे आणि ८१५ मिलिमीटर लांबी. 'जवळपास तसाच' बेल्ट घेऊ नका.

ताण किती हवा?

जुन्या गाड्यांत अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून, तो बाहेर ओढून ताण द्यावा लागतो. बऱ्याच मॅन्युअलमध्ये साधारण १० किलोच्या जोराने दाबल्यावर बेल्ट किती मिलिमीटर दबला पाहिजे ते दिलेलं असतं, बऱ्याचदा नव्या आणि वापरलेल्या बेल्टसाठी वेगवेगळं. तो आकडा पाळा. 'आवाज जाईपर्यंत आवळ' हा उपाय महागात पडतो, कारण जास्त ताणाने अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंग जातात. नवा बेल्ट थोडा चालला की किंचित सैलावतो, म्हणून ताण पुन्हा तपासून घ्या. गाडीत स्प्रिंगचा ऑटो टेन्शनर असेल तर ताण हाताने द्यायचा नसतो. स्प्रिंग थकली तर टेन्शनरच बदलावा लागतो.

साबण, पावडर, स्प्रे?

साबणाने आवाज थोडे दिवस दबतो, घसरण तशीच राहते. तेलकट स्प्रेने पकड आणखी कमी होते. चिकट बेल्ट-ड्रेसिंगवर धूळ बसते. तिन्हींमुळे पुढच्या तपासणीत खरं कारण झाकलं जातं.

गाडी कधी थांबवायची?

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर बेल्ट तुटला किंवा निसटला असू शकतो. हायड्रॉलिक स्टिअरिंग एकदम जड झालं तर शक्यता आणखी वाढते. मारुती ८०० सारख्या गाडीत अल्टरनेटरचाच बेल्ट वॉटर पंप फिरवतो, म्हणजे कूलंटही फिरायचं थांबतं. 'पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ' म्हणत घाटात तशीच गाडी दामटली तर इंजिन तापून हेड गॅस्केट जाऊ शकतं. काहीशे रुपयांच्या बेल्टपायी हजारोंचं काम निघतं. अशा वेळी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टो करून न्या. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.