रांजणात क्लोरिनची गोळी टाकावी की पातळ औषध?

मृगाचा पाऊस झाला की नांदेड-लातूरकडं विहिरीत वरचं घाण पाणी उतरतं. त्यातूनच हगवण, कावीळ, पटकी घरात शिरते.

क्लोरिनची गोळी काय अन् पातळ क्लोरिन काय, जंतू मारण्याचं काम दोन्ही करतात. फरक आहे तो टिकण्यात. पातळ औषधाचा जोर उन्हानं, उष्णतेनं उतरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकरच. बाटली ताजी व सावलीत ठेवलेली असेल तरच वापरा. गोळी पाकीटबंद, कोरडी ठेवली की बराच काळ टिकते, मापही चुकत नाही. म्हणून घरात साठवायला गोळीच बरी.

१. पाणी दुहेरी फडक्यातून गाळा. गढूळ पाण्यात क्लोरिन गाळावरच खर्ची पडतं.
२. किती लिटरला एक गोळी, ते पाकिटावर पाहून तेवढीच टाका. गोळी गिळू नका.
३. ढवळून झाका. अर्ध्या तासानं प्या.

विहिरीला मात्र गोळ्या पुरायच्या नाहीत. तिथं ३३ टक्के क्लोरिनची ताजी ब्लीचिंग पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम लागते. ती ग्रामपंचायतीकडून वेळेवर टाकून घ्या.

पाण्याला किंचित वास आला तर ते ओतून देऊ नका. औषध अजून पाण्यात आहे, याचीच ती खूण.